गुरुवारची नाडी

सहा आठवडे मी खरं सांगत होते आणि एकानेही विश्वास ठेवला नाही. माझं तोंड म्हणजे हा एवढासा काटा. त्याच्याकडे बघतंय कोण?

मी सायकल, जागची न हलणारी. लोखंडी चाक, त्यावर ब्रेकचा पट्टा, पुढे वेगाचा काटा. नुकुअलोफा या समुद्रकाठच्या शहरातल्या दवाखान्यात खोक्यातून उतरले तेव्हा कोरी करकरीत होते. आता सीटला तीन ठिगळं आहेत, पण चाक अजून सरळ फिरतं.

माझ्यावर बसवून कुणाला दमवून पाडत नाहीत. टिकटिक यंत्राच्या तालावर सहा मिनिटं पाय मारायचे, दम लागायच्या आत थांबायचं. मग व्यायाम शिकवणारी विका नाडी मोजते. धडधाकट माणूस असो की अर्धांगवायूतून उठलेला, दोन वेगळ्या दिवशींचा आकडा सारखा यायला हवा. नाही आला तर त्या आकड्याचं करायचं काय?

सेमिसी मासे धरणारा. त्याचं डावं अंग गेलं होतं, ते पाच महिन्यांनी परत आलं. डॉक्टर म्हणाले, मंगळवार-गुरुवारचे आकडे जुळले की होडीवर जा. मंगळवारी एकशे चार आले, गुरुवारी एकशे एकवीस. दर आठवड्याला तेच.

"सायकलच फुटकी आहे," त्याला सोडायला येणारी त्याची बायको लेसिएली म्हणायची. "अहो, हिच्या नादी लागलात तर होडीला शेवाळ धरेल."

"माझं हृदयच बिघडलं असेल."

"तीस वर्षं माझ्यापुढे टिकलंय ते. त्याला काय होतंय?" म्हणायची आणि घाईने निघून जायची.

विका स्वतः बसली. तिचाही आकडा गुरुवारी नऊने जास्त. मग काय, भंगारवाल्याला निरोप गेला. बोला आता.

भंगारवाला यायच्या आधीच्या गुरुवारी सेमिसीचं लक्ष काट्याकडे गेलं. होडीच्या इंजिनाचे काटे वाचून डोळे तयार झालेले. "विका, साठवर पाहिजे ना? मी सत्तरवर आहे."

"मग हळू मारा की, मामा."

"मारतोय गं. पाय ऐकत नाहीत."

विकाने टिकटिक बंद केली. पाय तालात चालूच. तेव्हा तिला स्वतःचीही चप्पल फरशीवर तालात आपटताना दिसली. शेजारच्या चर्चमध्ये दर गुरुवारची गाण्याची तालीम चालली होती, त्याच तालात, आणि खिडकी सताड उघडी. दोघं एवढी हसली की नाडी मोजायची राहूनच गेली.

पुढच्या आठवड्यात खिडकी लावली. मंगळवारी एकशे चार, गुरुवारी एकशे पाच. सेमिसी समुद्रावर गेला आणि पहिला मासा नारळाच्या दुधात कालवून इथेच घेऊन आला. तो माझ्या सीटवर सांडला म्हणून तिसरं ठिगळ. असू दे, शोभतंय मला.

तुम्हाला एवढंच सांगणं, कुणाला भंगारात काढण्याआधी त्याचा काटा वाचा.

"पण मामा, चर्चमध्ये एवढ्या घाईने ताल धरतं कोण?" वही उघडून विकाने विचारलं.

सेमिसी पोट धरून हसत सुटला. त्याने सांगितलं तसं विकाने लिहिलं: सायकल ठणठणीत. दोष, गाणाऱ्यांपुढे उभं राहून हातवारे करणाऱ्या बाईचा. नाव, लेसिएली.