पूर्वीचा आजार

गोविंद गायधनी अंबडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. पंचवटीतलं बिऱ्हाड, बेताचा संसार, माणूस सरळ. खोड एकच. बायकोशी कुणी मोकळेपणाने बोललं की त्याचा जळफळाट व्हायचा.

२००४च्या दसऱ्यानंतर गौरांग घरी आला. तो अनसूयेचा शाळेतला वर्गमित्र, आता विमा एजंट. कारखान्यात आजारपणाची काही सोय नव्हती, म्हणून मेडिक्लेम काढायचं अनसूयेनेच मनावर घेतलं होतं.

"अरे गौरांग, बस ना," ती म्हणाली.

सतरा वर्षं नवऱ्याला 'अहो' म्हणणारी बायको या बाप्याला 'अरे' म्हणते, हे गोविंदला चहाच्या पहिल्या घोटालाच टोचलं.

गौरांग कामाचंच बोलत होता. "गोविंदराव, हप्ता कमी म्हणून घेऊ नका. म्हातारपणीही पॉलिसी चालू राहते का, ते बघा. आणि जुनं दुखणं असेल तर आत्ताच लिहा. चार वर्षं त्याचे पैसे मिळणार नाहीत, पण खंड न पाडता भरत राहिलात तर पुढे मिळतील."

मग त्याने फॉर्म काढला. "पूर्वीचा काही आजार?"

"मला नाही. हिलाही नाही," गोविंद म्हणाला.

गौरांगचं पेन थांबलं. "अनू, दमा लिहायचा ना?"

अनसूयेने मान खाली घातली. "आता फारसा होत नाही. वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी, तेही सर्दी-खोकला म्हणून निभावतं. लग्नाच्या वेळी बाबांनी बजावलं होतं, सांगू नको म्हणून. मग राहूनच गेलं."

दम्याचं गोविंदला काहीच वाटलं नाही. पण सतरा वर्षं एका छपराखाली राहून जे आपल्याला ठाऊक नाही, ते याला ठाऊक! आणि वर 'अनू'! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "कळवतो विचार करून," म्हणत त्याने गौरांगला वाटेला लावलं.

पुढच्याच आठवड्यात त्याने कारखान्याच्या गेटवर येणारा दुसरा एजंट गाठला. "दमा कशाला लिहिता साहेब? 'नाही' लिहा. कोण बघतंय?" तो म्हणाला. गोविंदला तेच ऐकायचं होतं.

सहीसाठी फॉर्म घरी आला. अनसूयेने तो नीट वाचला. "अहो, हे खोटं आहे. गौरांग म्हणाला होता..."

"मग जा, त्याचीच सही घेऊन ये!"

तिने सही केली.

दोन वर्षांनी, डिसेंबरच्या कडाक्यात, अनसूयेला असा दम लागला की तिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. "कधीपासून आहे?" डॉक्टरांनी विचारलं. धापा टाकत ती खरं तेच बोलली, "आठवीपासून." केसपेपरवर तसं लिहिलं गेलं. महिन्याभरात विमा कंपनीचं पत्र आलं: आजार लपवला, दावा नामंजूर, पॉलिसी रद्द. बिलापायी तिच्या पाटल्या मोडाव्या लागल्या.

गौरांग तब्येतीची विचारपूस करायला आला. हा आता टोमणा मारणार, असं गोविंदला वाटलं. मारला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. गौरांगने नुसतं पत्र वाचलं.

"यात आता काही होणार नाही. नवी मिळणंही अवघड आहे, पण खरं लिहून प्रयत्न करू. चार वर्षं मात्र पहिल्यापासून मोजावी लागतील."

"तेव्हा तुमच्याकडून घेतली असती तर?"

"दोनच उरली असती."

गोविंदने खाली मान घालून फॉर्म भरायला सांगितला. जिना उतरताना गौरांग म्हणाला, "अनू, दम्याचा पंप जवळ ठेवत जा गं," आणि गोविंद पुन्हा जळफळला.

"आणखी काय काय माहीत आहे त्याला तुझं?" दार लावताच त्याने विचारलं.

अनसूया आधी चिडली, मग तिला हसू आलं आणि हसताना खोकला. "अहो, भर वर्गात दम लागला होता मला. बाईंनी बाकावर आडवं केलं होतं. चाळीस पोरांनी पाहिलंय. कुणाकुणावर जळणार?"

गोविंद तिच्याजवळ येऊन बसला. "मला सांग," तो म्हणाला, "दम लागतो तेव्हा नेमकं काय होतं तुला?"

ती सांगू लागली. उदबत्तीचा धूर, थंडी, छातीत दगड ठेवल्यासारखं वाटणं. हे गौरांगलाही असंच सांगितलं असेल का, असं मधेच गोविंदच्या ओठांवर आलं. त्याने विचारलं नाही.