सीटखालचा स्विच

माझी तान्ही एडी दुपारी पाऊण तास झोपते. कधी पस्तीसच मिनिटं. तेवढ्यात शेडपर्यंत पळायचं, हात काळे करून घ्यायचे आणि ती रडायच्या आत धुऊन परत यायचं. त्या मंगळवारी तर दर दोन मिनिटांनी घड्याळाकडे बघत होते. गुरुवारी माझा नवरा डेल तीन आठवड्यांनी खाणीवरून घरी येणार होता आणि शुक्रवारी सकाळी दहाला आपल्या वडिलांना गावातल्या वृद्धाश्रमात खोली दाखवायला नेणार होता. दाखवायला म्हणजे सही करून घ्यायला.

वडील म्हणजे लिंडसे. माझे सासरे, वय एक्क्याऐंशी. गाई गेल्या, कुरणं शेजाऱ्याला दिली, तरी रोज खालच्या तळ्यापर्यंत जाऊन परक्याची वासरं मोजून येतात. जूनमध्ये तिथल्या फाटकापाशी पाय घसरून पडले आणि ओल्या गवतात दीड तास पडून राहिले. मी घरात एडीला पाजत होते. पाजताना गाणंही म्हणत होते.

"तू पोरींकडे बघशील की बाबांच्या मागे धावशील?" डेल फोनवर म्हणाला होता. त्याचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

त्यांना म्हाताऱ्यांसाठी मिळते ती विजेची खुर्ची घेऊ या म्हटलं, तर त्यांनी ते माहितीपत्रक कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरलं. म्हणून मी थाप मारली. वर बसून चालवायचं, गवत कापायचं एक जुनं यंत्र शेडमध्ये धूळ खात पडलं होतं. इंजिन जाम झालेलं, सीटच्या गादीत उंदरांनी संसार मांडलेला. मी जाहीर केलं, याची मार्नीसाठी विजेवरची गो-कार्ट, म्हणजे पोरांनी चालवायची छोटी गाडी करणार. मार्नी माझी थोरली, सहा वर्षांची. ती आनंदाने किंचाळली आणि लिंडसे लगेच उपडी बादली घेऊन शेडमध्ये देखरेखीला बसले.

पोरी होण्याआधी मी आठ वर्षं ट्रकांचं वायरिंग केलंय. इंजिन काढलं, खालची पाती काढली. मोटर आणि बॅटऱ्या गोल्फ क्लबच्या मागे गंजत पडलेल्या एका गाडीच्या. ती उचलून नेल्याबद्दल क्लबवाल्यांनी माझेच आभार मानले. बॅटऱ्यांतल्या दोन मेलेल्या निघाल्या, उरलेल्यांवर भागवलं. मोटरवर मुद्दाम छोटी पुली बसवली आणि पट्टा जुन्याच गिअरपेटीवर चढवला, म्हणजे गाडी फार पळायला नको.

"विजेवर चालणार म्हणतेस," लिंडसे बादलीवरून म्हणाले, "मग आवाज कशाने करणार?"

"तोंडाने."

"आणि ही पुली? पोरी, याहून जोरात माझी कोंबडी पळते."

"तिला लावू का मग पट्टा?"

सीट उचलली तेव्हा तो स्विच दिसला. या यंत्रांना असतोच. वर माणूस बसला तरच चालू राहतं, माणूस उठला की बंद. इथे मात्र त्याच्या दोन्ही वायरी एकमेकींना पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती.

"हा पराक्रम कुणाचा?"

"वाटेतली फांदी उचलायला उठलं की बंद! कोण सारखं चालू करत बसणार?"

मी ती पट्टी सोलली, वायरी सोडवल्या आणि स्विच पुन्हा जोडला. रविवारी मार्नीला पहिल्यांदा बसवलं, तर गाडी हलेना. तिच्या वजनाने सीटची स्प्रिंगच दबत नव्हती. तिचा ओठ थरथरायला लागला. मी म्हटलं, "पॉपना घेऊन बस." पॉप म्हणजे तिचे आजोबा. ते बसले, ती त्यांच्या मांडीवर, आणि दोघांनी शेडला तीन फेऱ्या मारल्या. तोंडाने आवाज करत.

तर मंगळवार. मी हॉर्नची वायर ओढत होते. लिंडसे कामाच्या ठोकळ्यावरची एक बारीक स्प्रिंग बोटांत फिरवत होते.

"ही नरम आहे," ते म्हणाले. "ही घातली तर मार्नी एकटी बसू शकेल."

"हं."

"केव्हाची पडलीय इथे?"

मी स्क्रू आवळत राहिले. मग त्यांचं बोट माझ्या नव्या वायरीवरून हळूहळू फिरलं. सीटच्या स्विचपासून रिलेच्या डबीपर्यंत, तिथून हॉर्नपर्यंत. आयुष्यभर स्वतःची यंत्रं स्वतः उघडलेला माणूस तो. त्यांना किती वेळ लागणार?

"म्हणजे चावी बंद न करता सीट रिकामी झाली, तर गाडी थांबणार," ते म्हणाले, "आणि कुणी परत बसेपर्यंत भोंगा वाजत राहणार."

"हो."

"मार्नीची गो-कार्ट."

"हो."

"एडीच्या पाळण्याजवळ ते रडणं ऐकवणारं यंत्र ठेवलंयस, तसं हे माझ्यासाठी. मी तान्हं बाळ आहे का, टीगन?"

"जूनमध्ये मला काहीच ऐकू आलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही हाका मारल्या होत्या का?"

ते स्प्रिंगकडे बघत होते. "मारल्या," ते म्हणाले. मग म्हणाले, "थोड्या."

तेवढ्यात खिशातल्या यंत्रातून एडी रडायला लागली आणि मी पळाले. परत आले तेव्हा बादली रिकामी होती. ठोकळ्यावर स्प्रिंगही नव्हती. बुधवारी ते शेडकडे फिरकले नाहीत. मार्नीने दोनदा विचारलं, पॉप रुसलेत का. मी म्हटलं, पाय दुखतोय. गाडीचं सगळं काम संपलं होतं आणि माझं लक्ष कशातच लागत नव्हतं. भांडी घासली, तीच परत घासली.

गुरुवारी दुपारी डेल आला. एडीला खांद्यावर घेतलं, ती झोपल्यावर आत ठेवली आणि बूट काढून व्हरांड्यात वृद्धाश्रमाचे कागद पसरले. मी गाडीबद्दल तोंड उघडणार, तर शेडमधून लिंडसे बाहेर. गाडीवर बसून, टोपी घालून, आमच्याकडे न बघता सरळ कुरणाच्या उतारावर.

"ते काय आहे?" डेल म्हणाला.

"गो-कार्ट."

"आवाज का नाही येत तिचा?"

मी काही बोलायच्या आत गाडी उतारामागे दिसेनाशी झाली आणि हॉर्न वाजला. लांबलचक, ट्रकचा. थांबेचना. डेल मोज्यांवरच धावत सुटला, त्याच्यामागे मी.

गाडी निलगिरीच्या झाडाखाली जागच्या जागी उभी होती. लिंडसे तिच्यावर दोन्ही पायांवर उभे राहून टोपी फिरवत शिव्या देत होते. वर मॅगपाय, कावळ्याएवढा काळा-पांढरा पक्षी. सप्टेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, त्या झाडावर तिची पिल्लं असतात आणि दिसेल त्या डोक्यावर ती झडप घालते. लिंडसे टपकन सीटवर बसले, हॉर्न थांबला, गाडी चार हात गेली. पक्षी परत आला, ते परत उठले, गाडी थांबली, हॉर्न सुरू.

"बाबा, खाली बसा!"

"तिला सांग आधी!"

डेल गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होता. हसतोय की रडतोय मला कळेना. त्याने वाकून सीटखाली बघितलं, मग माझ्याकडे. मी सगळं सांगितलं, घाईघाईत, कारण घरात एडी जागी झाली होती.

"इथून घरापर्यंत ऐकू आलं," तो म्हणाला. "हे झाड जवळ आहे. तळ्यावरून येईल? आणि आज वारा घराकडून तिकडे आहे."

ते मला माहीत नव्हतं. तेवढंच मी अजून तपासलं नव्हतं.

त्याने वडिलांना हात देऊन उतरवलं आणि हॉर्न वाजवून बघायला स्वतः गाडीवर बसून खाली तळ्यावर गेला. आम्ही दोघं सावकाश व्हरांड्यात आलो. मी एडीला कडेवर घेऊन कठड्याशी उभी राहिले. लिंडसेंना उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्यानेही अर्धंच. ते तळ्याकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्या बोटांत ती बारीक स्प्रिंग फिरत होती.

"मार्नी पुढच्या वर्षी आपोआप जड होईल," ते म्हणाले. "ही लागणारच नाही."

वारा कागद उडवत होता. कुणी ते उचलले नाहीत. एडी माझा कान ओढत होती. मी तिचा हात धरून ठेवला.

मग तिने मान वळवली. माझ्याही आधी.

"आला?" लिंडसेंनी विचारलं.

"आला," मी म्हटलं. "बारीक आहे. पण येतोय."