तीन बोटांची मूठ

कोंडाजीरावांनी मनमाडला रेल्वेत फिटर म्हणून छत्तीस वर्षं काढली, पण त्यांच्या नखालाही कधी धक्का लागला नाही. मग एकदा दिवाळीच्या रजेत गावी गेले, घरच्या कडबाकुट्टीत वैरण सारली आणि उजव्या हाताची करंगळी व तिची शेजारीण तिथंच ठेवून आले. रजा अंगाला लागते ती अशी.

निवृत्तीनंतर ते नाशकात आमच्या कॉलनीत राहायला आले आणि चौसष्टाव्या वर्षी टेनिस शिकून माझे जोडीदार झाले. रॅकेट हातात टिकते ती नेमकी त्या दोन बोटांच्या जिवावर. ही माहिती आम्हाला जरा उशिरा मिळाली. कोंडाजीरावांची रॅकेट हातातून सुटून शेखररावांच्या पाण्याच्या बाटलीवर आदळली तेव्हा.

शेखरराव आमच्या मंडळाचे सचिव, शिवाय समोरच्या जोडीतले.

"कोंडाजीराव, कुणाला लागलं असतं म्हणजे? रविवारच्या सामन्यात रॅकेट एकदा जरी सुटली, तर पुढं तुम्ही कायमचे पंच. उंच खुर्ची आहे, सावली आहे, मान आहे."

"बसून मिळणारा मान मला नको," कोंडाजीराव म्हणाले आणि घरी जाऊन त्यांनी रॅकेटच्या मुठीवरची पट्टी सोलून काढली.

पहिल्या दिवशी मुठीवर सायकलची ट्यूब गुंडाळली. भिमाबाईंनी नवऱ्याच्या हातातली ती जाड वस्तू नीट पाहिली आणि विचारलं, "उखळ कुठं ठेवलंय?"

ट्यूब निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी परातीतला कणकेचा गोळा उचलून मुठीवर थापला आणि हात घट्ट आवळला.

"अहो, चार चपात्यांचं पीठ हाय ते!"

"दोन कमी खाईन."

"एका बोटाला एक का?"

कोंडाजीरावांनी मूठ सोडून कणीक निरखून पाहिली. जिथं बोटं नव्हती तिथं कणीक फुगून वर आली होती आणि तळव्याची पोकळी तिनं बरोब्बर भरली होती. तेवढाच उंचवटा मुठीला हवा होता.

मग नळाची गळती बुजवायची पुट्टी आली. ती मळून मुठीवर थापली, हात चिकटू नये म्हणून वर दुधाची पिशवी गुंडाळली. आता मूठ आवळून पाऊण तास हलायचं नाही. घड्याळ धरून त्यांच्या घरी मी बसलेला.

तिसाव्या मिनिटाला बेल वाजली. मी दार उघडलं. शेखरराव पंचाची पांढरी टोपी घेऊन आले होते, आगाऊ. समोर कोंडाजीराव रॅकेट उगारून उभे, हाताच्या शिरा तट्ट फुगलेल्या, चेहरा लालबुंद.

"ठेवा ना ती खाली," शेखरराव म्हणाले.

"नाय ठेवता येणार. अजून पंधरा मिनिटं हायत."

"पंधरा मिनिटांनी काय होणार आहे?"

"थांबा की. कळंल."

शेखररावांना एकदम महत्त्वाचं काम आठवलं. टोपी तेवढी आमच्याकडे राहिली.

पुट्टी वाळली. कोंडाजीरावांनी ती कानशीनं घासली, मग पॉलिश पेपरनं. गच्चीच्या भिंतीवर चेंडू मारून पाहिला. मूठ किंचित फिरली. पुन्हा घासली. पुन्हा फिरली. उंचवट्याला आणखी चिमूटभर पुट्टी, पुन्हा पाऊण तास. शनिवारी संध्याकाळी सलग दोनशे चेंडू मारले तेव्हा कुठं त्यांनी नवी पट्टी चढवली.

रविवारी शेखररावांनी तपासणी काढली. "हे नियमात बसतं का बघू." त्यांनी रॅकेट धरली, हात सरकवला, परत धरली. "अहो, पण माझी शेवटची दोन बोटं ठेवायची कुठं?"

"कडबाकुट्टी गावी हाय अजून," कोंडाजीराव म्हणाले. "चालू हाय."

सामना सुरू झाला. तिसऱ्या सेटमध्ये शेखररावांनी जाळ्याजवळून सगळा राग एकवटून चेंडू थेट कोंडाजीरावांच्या अंगावर हाणला. रॅकेट आडवी आली, खांद्यापर्यंत हात हादरला, पण मूठ जागची हलली नाही. चेंडू शेखररावांच्या मागे रेघेच्या आत पडला. पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत रॅकेट एकदाही सुटली नाही.

सामना आम्ही हरलो. माझ्या सर्व्हिसचे दोन्ही चेंडू जाळ्यात जाण्याचा प्रकार अकरा वेळा घडला. मंडळाला पंच हवाच होता, आणि टोपी तयार होती.

ती मला जरा सैल होते. कोंडाजीरावांनी खालून, खुर्चीकडे मान वर करून, एक डोळा मिटून अंदाज घेतला. "काढा ती. संध्याकाळी आणा घरी," ते म्हणाले. "करू कायतरी."