धुऱ्यावरची बैठक

धानाच्या रोवण्याच्या भर हंगामात, सकाळी अकरा वाजता, गावाच्या सुरक्षेची बैठक ठेवायची अक्कल ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला गुडघाभर चिखलात उभं करावं, असं शकुंतलाबाईचं मत होतं. त्या वेळी गावातलं प्रत्येक कामाचं माणूस शेतातल्या बांधीत वाकलेलं असतं. मागे उरतात ते पानठेल्यावरचे. त्यातले सात जण समाजमंदिरात खुर्च्यांवर बसले, चहा प्याले आणि गावाला सगळ्यात आधी काय पाहिजे ते ठरवून मोकळे झाले. एक नंबर, चौकात कॅमेरा. दोन नंबर, चौकातच दुसरा कॅमेरा.

सुरक्षा म्हणजे चोर, असं वाटायला घरात चोरण्यासारखं काहीतरी असावं लागतं.

शकुंतलाबाई बावीस बायांच्या रोवणाऱ्या टोळीची म्होरकी. धानाच्या रोपांचा पऱ्हा गावाच्या बाजूला आणि रोवायच्या बांध्या सडक अर्जुनीकडे जाणाऱ्या हायवेच्या पलीकडे. रोपांच्या ओल्या पेंड्या डोक्यावर घेऊन टोळी दिवसातून दोनदा हायवे ओलांडायची. नेमका तिथंच चुन्नीलालचा ढाबा आणि ढाब्यासमोर ट्रकांची रांग. रांगेबाहेर पाऊल टाकल्याशिवाय सडक दिसत नाही, आणि पाऊल टाकल्यावर बघायला वेळ उरत नाही. सोमवारी एका कंटेनरनं मंगलीच्या डोक्यावरची पेंडी उडवून नेली. पेंडीच नेली, एवढं नशीब. मंगली दुसऱ्या दिवशी कामावर आली, पण सडक आली की सगळ्यात मागे राहायची. रोवणा अजून पंधरा दिवसांचा होता. शकुंतलाबाई रात्री झोपेत बाया मोजायची.

दुपारी टोळी पेंड्या न्यायला पऱ्ह्यावर आली, तर धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, पोलीस ठाण्याचे बीट जमादार घनश्याम बिसेन उभे. बाजूला गावचा पोलीस पाटील आसाराम मडावी, हातात कागद.

"बायाहो, सह्या पायजे," आसाराम म्हणाला.

"कायच्या?" शकुंतलाबाईनं विचारलं.

"गावाच्या सुरक्षेच्या. दहा बायांच्या सह्या नसल्या तं ठाण्यातून कागद वापस येते."

"बैठकीले आमी नाई चालत, सहीले चालतो. वा गा आसाराम."

"मावशी, दवंडी दिली होती," जमादार म्हणाले. "कोणी आलंच नाही."

"काऊन येऊ? आमची बांधी तुमी रोवून देनार होते का?"

बाया फसकन हसल्या. शकुंतलाबाईनं कागद वाचून घेतला.

"साहेब, गावात चोऱ्या किती झाल्या?"

जमादारांनी आसारामकडे पाहिलं. "दोन सालांत एक कोंबडा," आसाराम म्हणाला.

"कोंबड्यासाठी दोन कॅमेरे. आन बावीस बायांसाठी?"

"सडकेचं काम हायवेवाल्यांचं असतं, मावशी. आमच्याकडे येत नाही."

"ट्रक हटवाचं कोनाचं?"

जमादारांनी ढाब्यासमोरच्या रांगेकडे पाहिलं.

"सही देतो, साहेब," शकुंतलाबाई म्हणाली. "पन आदी एक पेंडी डोक्शावर घ्या आन सडक पार करा."

"त्यात काय? माझ्या घरीबी धान आहे," जमादार म्हणाले. टोपी आसारामकडे दिली, चुंबळ डोक्यावर ठेवली. मंगलीनं मुद्दाम सगळ्यात ओली पेंडी निवडली. गाळाचं पाणी कॉलरमधून पाठीवर उतरलं.

दोन ट्रकांच्या फटीत जमादार पोचले. पुढे पाऊल टाकलं, हॉर्न वाजला, मागे आले. पुन्हा टाकलं, पुन्हा आले. डोक्यावर ओझं, मान वळत नव्हती.

"चला ना, साहेब," मागून मंगली म्हणाली. "आमी तं रोजच जाऊन राहिलो."

तिसऱ्यांदा एक कंटेनर इतक्या जवळून गेला की शर्ट फडफडला. जमादारांनी पेंडी एका ट्रकच्या पायरीवर ठेवली. पाच मिनिटं झाली होती आणि ते अजून याच बाजूला होते. त्यांनी शिट्टी काढून वाजवली.

ढाब्यातून चुन्नीलाल धावत आला. "साब, ग्राहक जेवून राहिले."

"ताटं झाकून ठेव. ढाब्यामागं तुझी पडीक जागा आहे ना? सगळे ट्रक तिकडं."

"तिथं मी भाजी लावनार होतो."

"पुढच्या साली लाव."

अर्ध्या तासात सडक दोन्ही बाजूंनी दूरवर मोकळी दिसायला लागली. मंगली बराच वेळ नुसती पाहत राहिली. जमादार धुऱ्यावर आले आणि कागदावरच्या पहिल्या नंबरवर रेघ ओढून तिथं 'सडक' लिहिलं.

आसाराम घाबरला. "साहेब, बैठकीत ठरलं ते खोडता येते का?"

"बैठक आता होऊन राहिली," जमादार म्हणाले. "हात वर करा."

चिखलाचे बावीस हात वर गेले. दोन नंबरला मात्र गोंधळ झाला. कोणाला शाळेच्या वाटेवर लाईट पाहिजे होता, कोणाला दारूचा ठेला बंद. एकीनं आपला नवराच लिहायला सांगितला. जमादार लिहीत गेले. कॅमेरा सातव्या नंबरवर गेला. पानठेल्यानं त्याबद्दल आठ दिवस तोंड फुगवलं. फुगवू द्या.

फलक आणि गतिरोधकाचा कागद वर गेला. असले कागद पायी जातात. तोवर एक शिपाई सकाळी आणि दुपारी सडकेवर उभा राहणार, असं ठरलं. पहिल्या दिवशी जमादार स्वतःच आले. हात आडवा केला आणि दोन्हीकडचे ट्रक थांबले.

टोळी निघाली. सवयीनं पहिल्या दोघी पळाल्या, मग लाजून चालू लागल्या. मंगली सगळ्यात मागे. सडकेच्या मधोमध ती थांबली, पेंडी नीट केली, पदर खोचला. एका ड्रायव्हरनं हॉर्न मारला.

"कायले बोंबलतं गा?" मंगली म्हणाली. "जाऊन राहिलो ना."

शकुंतलाबाईनं पलीकडच्या धुऱ्यावरून आवाज दिला, "सावकाश ये वो."

आणि मंगली खरंच सावकाश आली.