शेवटचे तीन ग्रॅम

मास्तर आमच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होताना माझ्यासाठी एकच बाटली ठेवून गेले. आत तीन ग्रॅम पांढरी भुकटी, म्हणजे बोरॉन बसवलेला रेणू. थरथरत्या हातांनी, नऊ टप्प्यांत, सात महिने खपून त्यांनी तो केला होता. तो माझ्या रेणूला जोडायचा, कार्बनला कार्बन, तेही बोरॉन बसलाय नेमक्या त्याच जागी. अकरा वर्षांच्या आमच्या कामातली ही शेवटची जोडणी. जमली तर पुढच्या चाचण्या, नाही तर विभागप्रमुख प्रकल्प गुंडाळणार होते.

मी वजनं केली, बाटलीतली सगळी भुकटी घातली, द्रावक ओतला, जोडणी घडवून आणणारं पॅलेडियम टाकलं, फ्लास्क तापत ठेवला. समोरचं मास्तरांचं टेबल रिकामं होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून मी पाठ करून बसले. फार एकटं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

चार तासांनी तपासलं. माझा रेणू ढिम्म, जसाच्या तसा. मास्तरांचे रेणू मात्र आपापसातच जोड्या लावून मोकळे झालेले. द्रावणात हवा राहिली की असं होतं. पॅलेडियम टाकण्याआधी नायट्रोजन सोडून ती घालवायची, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ठाऊक असतं. पण अकरा वर्षं नायट्रोजनची नळी मास्तर सांभाळायचे आणि मी तराजू. आजही मी तराजूच सांभाळला. नळीपाशी कोणीच नव्हतं. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

साडेपाचला मास्तरांचा फोन आला. मुलाकडे राहायला गेल्यापासून ते या जोडणीचं निमित्त काढून रोज फोन करायचे आणि मग गुडघ्यापासून सुनेच्या पाणचट चहापर्यंत तासभर बोलायचे. दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

"काय गं, जोडलं का?"

ती भुकटी पुन्हा करायला त्यांचे हात आता चालणार नव्हते.

"जोडलं, मास्तर. एकदम फक्कड."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि हसण्याचा.

"शाबास! सुटलो बुवा एकदाचा. आता रोज फोन करून तुझं डोकं नाही खाणार, जा."

"खा की," मी म्हणाले. तोवर त्यांनी फोन ठेवला होता.