रुशिदला आणायला

"दोरी घट्ट बांध रे शेफ्केत! मागच्या वादळात माझी गाय शोधायला निघालेला माणूस थेट तुझ्या बायकोच्या स्वयंपाकघरात पोचला होता!" मी शाळेच्या खिडकीतून ओरडले.

"वाट चुकली ते बरं झालं, असंच सांगत फिरतो तो अजून!" शेफ्केत शिडीवरून ओरडला आणि खालची सगळी माणसं खो खो हसली.

शाळेच्या दारापासून लाकडांच्या खोपटापर्यंत तो दोरी बांधत होता. वादळ सुरू झालं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही, दोरी धरूनच लाकडं आणायला जावं लागतं. संध्याकाळपर्यंत वादळ पठारावर येणार, असं रेडिओने सकाळीच सांगितलं होतं, आणि तेव्हापासून गावाच्या अंगात आलं होतं. कुणी विहिरीवर फळ्या ठोकत होतं, कुणी रस्त्याच्या कडेला उंच काठ्या रोवत होतं. बटाट्यांची पोती, चीजची पिंपं, पाण्याने भरलेले डबे, सगळं शाळेत येऊन पडत होतं.

माझं निम्मं आयुष्य या शाळेच्या स्वयंपाकघरात गेलं. नवरा कधीचा गेला, मुलगे जर्मनीत आहेत. एरवी मी मोजक्या पोरांपुरतं सूप करते आणि रिकाम्या घरी जाते. पण शाळेची शेगडी गावात सगळ्यात मोठी, म्हणून वादळात लांबलांबच्या घरांतली माणसं इथे राहायला येतात. त्या दिवशी राज्य माझं असतं. खोटं कशाला बोलू, मला वादळ आवडतं.

दुपारी सेनादाबाईंनी वर्गातली माणसं मोजली. त्या इथल्या शिक्षिका.

"रुशिदकाका नाही आले," त्या म्हणाल्या.

टेकडीपलीकडचं शेवटचं घर रुशिदचं. त्याची बायको ज्युल्सा वसंतात गेली, तेव्हापासून तो मिठापुरता खाली यायचा आणि न बोलता परत जायचा.

"मी सकाळी जाऊन आलो," शेफ्केत म्हणाला. "तोंडावर दार लावलं माझ्या."

"तुझं तोंडच तसं आहे," मी म्हटलं. "ट्रॅक्टर काढ."

पश्चिमेचं आभाळ शिशासारखं झालं होतं. वारा पडला होता, आणि तेच वाईट चिन्ह. ट्रॅक्टरवर बसताना माझं काळीज धडधडत होतं. भीतीने म्हणावं तर तसंही नाही. लग्नाला निघाल्यासारखं वाटत होतं.

रुशिदने दार किलकिलं केलं.

"कोण मेलं?"

"अजून कुणी नाही. आणि तुला मरायचं असेल तर उन्हाळ्यात मर, खणायला सोपं जातं." बोलून गेले आणि जीभ चावली.

"ज्युल्साने बर्फ वितळल्यावरच आटोपलं," तो म्हणाला. "शहाणी होती."

"चल, रुशिदभाऊ."

"नाही, वहिनी. मी गेलो तर चूल विझेल. थंड घरात पाऊल टाकलेलं तिला चालायचं नाही."

बाहेर शेफ्केत भोंग्यावर भोंगा वाजवत होता.

"हे बघ, तुझी समजूत काढायला मला वेळ नाही," मी म्हटलं. "एवढी माणसं जेवायला आलीत आणि चीजच्या पीतेचे पापुद्रे लाटायला कुणी नाही. दर वादळात ज्युल्सा लाटायची, मी भाजायची. माझा खांदा आता वर जात नाही. तू लाट."

"मी? जन्मात लाटणं धरलं नाही मी!"

"बघितलंयस ना? जन्मभर समोर बसून तिच्या चुका काढल्यास."

"चुका नाही काढायचो," तो चिडून म्हणाला. मग आवाज उतरला. "नुसता बघायचो."

तो चुलीकडे वळला. मग त्याने दोन जाड ओंडके आत सरकवले, चुलीचं दार लावलं, अंथरुणाचं गाठोडं पाठीवर टाकलं आणि टोपी घातली.

"मेंढ्या येतील," तो म्हणाला.

मेंढ्या ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीत चढल्या, त्यांच्यात रुशिद उभा राहिला. लंगडी मेंढी माझ्या मांडीवर. टेकडीच्या माथ्यावर पोचलो आणि वाऱ्याने थोबाडीत मारावी तसा बर्फ आला. रस्त्याकडेच्या काठ्या एकेक करत दिसेनाशा झाल्या.

"मला काही दिसत नाही!" शेफ्केत ओरडला.

"डावीकडे घे!" मागून रुशिदची आरोळी आली. "डावीकडे, गाढवा! उजवीकडे ओढा आहे!"

वसंतानंतर पहिल्यांदाच तो असा ओरडत होता. मी मेंढीला कवटाळून मोठमोठ्याने हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तेवढ्यात खालून शाळेची घंटा ऐकू आली. सेनादाबाई थांबतच नव्हत्या. त्या आवाजाच्या रोखाने आम्ही उतरलो.

मेंढ्या शेफ्केतच्या गोठ्यात गेल्या आणि रुशिद माझ्या टेबलाशी आला. त्याने लाटलेल्या पहिल्या पापुद्र्याला भोकंच भोकं पडली.

"रुशिद, ही पीता आहे की मासे धरायचं जाळं?" कुणीतरी विचारलं.

"आतल्या चीजला श्वास घ्यायला जागा लागते. गप खा."

वर्ग हसून हसून लोळला. दुसरा पापुद्रा मात्र त्याने दोन्ही हातांच्या पालथ्या मुठींवर उचलला आणि टेबलाभोवती हळूहळू फिरत ताणत नेला, अगदी ज्युल्सा न्यायची तसा. पापुद्रा इतका पातळ झाला की खालच्या लाकडाच्या रेषा दिसल्या.

जेवणं झाली. बाहेर वारा छप्पर उचकटायला बघत होता, आत पोरं बाकांवर उड्या मारत होती आणि वादळामुळे घरी जाता न आलेला शेफ्केत एका बाकावर आडवा होत होता. रुशिदने आपलं गाठोडं सोडलं. भिंतीलगत एक गादी पसरली, तिला लागून दुसरी. उशी थोपटून सारखी केली. आणि तसाच वाकलेला थांबला.

आम्ही सगळ्यांनी बघितलं.

"शेफ्केत," तो मान वर न करता म्हणाला, "त्या बाकावर कंबर मोडेल तुझी. इकडे ये. घोरलास तर मेंढ्यांत पाठवीन."

ज्युल्सा नेहमी भिंतीकडे झोपायची. रुशिद तिच्या जागेवर आडवा झाला आणि आपली जागा त्याने शेफ्केतला दिली.