गादीवाल्याची भिंत

वेंडल स्ट्रूडरने आपल्या संघाचं नाव तीन वर्षांत तीनदा बदललं होतं. उधारी मागायला कोणी आलं की तो डोळे मोठे करून म्हणायचा, "तो संघ वेगळा होता हो, तो बुडाला बिचारा. हा नवा." नव्या संघाच्या हेल्मेटवरचं चित्र नखाने खरवडलं की खालून जुन्या संघाचं चित्र निघायचं आणि त्याच्याखालून त्याहून जुन्याचं. सध्या त्यांचं नाव बेलफोर्ड थंडरहॉक्स होतं. असा पक्षी जगात कुठे नाही, पण वेंडलसारखा मालक असू शकतो तर पक्ष्याने काय घोडं मारलंय?

संघाचा कॅप्टन क्विंटन ग्रेडी हे सगळं जाणून होता. तरी तो दर शनिवारी त्या हेल्मेटात डोकं घालायचा. कॅन्ससमधल्या त्या गावाबाहेर गुरांच्या प्रदर्शनाची एक मोठी शेड होती. तिच्यात हिरवा गालिचा अंथरला, चारी बाजूंनी कमरेएवढ्या भिंती उभ्या केल्या, की झालं मैदान. मोठ्या मैदानावरच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू रेषेबाहेर जातो. इथे तो भिंतीवर जाऊन आदळतो, आणि लोक त्यासाठीच तिकीट काढतात. भिंतींना जाड फोम लावलेला असतो म्हणून माणसं उठून उभी राहतात. गालिचा कितीही झटकला तरी शेणाचा वास जात नसे. वेंडल त्याला गावाचा सुगंध म्हणायचा.

एका सामन्याचे दोनशे डॉलर ठरले होते. पहिले दोन चेक वटले. तिसरा परत आला, आणि त्यानंतर चेकही आले नाहीत, नुसती वेंडलची भाषणं आली. जेवणासाठी पिझ्झाच्या दुकानाची कुपनं मिळायची. गेल्या आठवड्यापासून दुकानवाला ती हातातही घेत नव्हता. "आधी तुमच्या मालकाला इकडं पाठवा," म्हणायचा, "मला त्याचं तोंड बघायचंय." सोळा धिप्पाड माणसं मोटेलच्या खोल्यांत बसून पाण्यात शिजवलेल्या शेवयांवर दिवस काढत होती.

म्हणून घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला सगळ्यांनी ठरवलं, की पैसे हातात पडल्याशिवाय मैदानात पाय ठेवायचा नाही. ठराव टोबायस मेझचा. टोबायस चेंडू झेलणारा, सडपातळ, जिभेने तिखट. ग्रेडीचा तीन मोसमांचा खोलीतला सोबती. गुरं धुवायच्या जागेत बाकं टाकून कपडे बदलायची खोली केली होती. तिथे सगळे घरच्या कपड्यांत हाताची घडी घालून बसले. बाहेर लोक येऊ लागले होते.

वेंडल आत आला तो हसतच. अंगात फ्रिंजच्या झालरी लावलेलं जॅकेट, तोंडाला पुदिन्याचा वास. "काय रे पोरांनो, अजून तयारी नाही?"

"तयारी आहे ना," टोबायस म्हणाला. "आमच्या बाजूने सगळी आहे. तुमच्या बाजूची तेवढी खिशातून काढा."

"बेटा, मंगळवारी बँक उघडली की…"

"बँक उद्याही उघडत नाही आणि मंगळवारी तुम्ही सापडत नाही. किती मंगळवार झाले?"

पोरं हसली. वेंडलही हसला, अपमान त्याच्या अंगावरून पाण्यासारखा निथळायचा. मग त्याने ग्रेडीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला बाहेर, पाण्याच्या हौदापाशी नेलं.

"तुझी फिल्म," तो हळूच म्हणाला.

"तिचं काय?" ग्रेडीने विचारलं.

या धंद्यात पगार बुडाला तर माणूस शिव्या देतो, फिल्म बुडाली तर रडतो. फिल्म म्हणजे सामन्यांचं चित्रण. वर पोहोचायचं तर ते पाठवावं लागतं. हे कोणी बोलून दाखवत नाही, पण असल्या संघांत निम्मी माणसं पगारावर नाही, फिल्मवर खेळतात, आणि असले मालक त्यावरच जगतात. ग्रेडी एकतीस वर्षांचा. पुढच्या रांगेतला मधला खेळाडू: चेंडू मागे सरकवायचा आणि पुढच्या क्षणी समोरून येणारा दीडशे किलोचा माणूस छातीवर घ्यायचा. कॅनडातल्या एका मोठ्या संघाच्या माणसाने त्याला फोनवर सांगितलं होतं, "सोमवारपर्यंत या मोसमाची फिल्म पाठव. तुझ्या वयाच्या माणसाला मी परत विचारणार नाही." वेंडलने मात्र सगळी फिल्म स्वतःकडे दाबून ठेवली होती.

"सगळा मोसम एका पेनड्राइव्हवर आहे," वेंडल म्हणाला. "आजच्या सामन्यासकट रात्री तुझ्या हातात देतो. फक्त पोरांना बाहेर काढ. सामना झाला नाही तर आपला जाहिरातदार, तो गादीवाला, मला एक छदाम देणार नाही."

"आणि पोरांचे पैसे?"

"गादीवाल्याने दिले की लगेच. आईशप्पथ."

वेंडलची आई त्याने इतक्या वेळा शपथेवर घातली होती, की ती बिचारी हयात असली तर ते केवळ तिचं नशीब. ग्रेडीने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. त्याने फक्त पेनड्राइव्हवर विश्वास ठेवला, आणि तेच शहाणपण मानलं.

तो आत आला, बाकावर बसला आणि बूट चढवू लागला.

"हे काय?" टोबायस म्हणाला.

"लोक आलेत. पोरंबाळं घेऊन आलेत. त्यांचा काय दोष? खेळू या. पैसे आज नाही तर उद्या…"

"तुला काय देतो म्हणाला तो?"

ग्रेडीने लेस ओढली. "फिल्म. सगळ्यांची. मी एकट्याची नाही मागितली." हे त्याने जागच्या जागी रचलं होतं.

टोबायसने हाताची घडी सोडली नाही. "लेका, त्या माणसाकडे स्वतःच्या नावाची पाटी धड नाही, तो तुला फिल्म देणार?" पण ग्रेडी उठला, आणि ग्रेडी उठला म्हणून दुसरा उठला, मग तिसरा. कॅप्टन असल्याचा एवढा एकच उपयोग त्याने त्या मोसमात केला. शेवटी टोबायसही उठला. "तुझ्यासाठी," तो म्हणाला. "त्या फ्रिंजवाल्यासाठी नाही."

मैदानात येताच टोबायस थांबला. एका कोपऱ्यातल्या भिंतीचा फोम काढून टाकला होता. त्या जागी उघडं प्लायवूड ठोकून त्यावर चकचकीत जाहिरात चिकटवली होती: डेल्बर्टच्या गाद्या, झोपा ढगावर. फोमवर जाहिरातीला सुरकुत्या पडायच्या म्हणे, अक्षरं नीट दिसायची नाहीत. गादीवाल्याच्या भिंतीवर इंचभर गादी नव्हती.

"हे बघितलंस?" टोबायस म्हणाला. "पंचांना सांग. तू कॅप्टन आहेस."

पंचांना सांगितलं तर सामना रद्द. ग्रेडीने तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. "तिकडं जाऊ नकोस म्हणजे झालं. एकच तर सामना आहे."

सुरुवातीला वेंडलने माइक घेतला. "ही पोरं पैशासाठी खेळत नाहीत!" तो छाती पुढे काढून म्हणाला. "ती खेळाच्या प्रेमापोटी खेळतात!" लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. निदान हे वाक्य तरी त्या माणसाने आयुष्यात खरं करून दाखवलं होतं. पहिलं वाक्य म्हणायचंय, पैशाचं.

ग्रेडी खेळला मात्र झकास. समोरचा माणूस त्याने पुनःपुन्हा असा उताणा पाडला, की शेवटी तो बिचारा जागा बदलून मागू लागला. प्रत्येक वेळी ग्रेडीला वाटायचं, हे दिसणार, कॅनडात दिसणार. छताजवळच्या मचाणावर मार्ला कॅमेरा घेऊन बसली होती. एरवी ती लग्नांचं चित्रण करायची. सामन्याच्या तिसऱ्या भागात चेंडू उंच उडाला. टोबायस मान वर करून त्याच्यामागे पळाला, चेंडू झेलला, आणि त्याच वेगात खांद्याने गादीवाल्याच्या भिंतीवर आदळला. फोमवर धप्प आवाज होतो. इथे कडाड झाला.

ग्रेडी धावत गेला. टोबायसच्या गळ्याजवळचं हाड कातडीखाली भलत्याच जागी आलं होतं. चेंडू त्याने सोडला नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सामना ते जिंकले. बाहेर वेंडलने पेनड्राइव्ह खरंच ग्रेडीच्या हातात ठेवला. "बघ, शब्दाचा पक्का आहे मी," म्हणाला. गर्दीत हात हलवत तो गाडीत बसला आणि गेला. मंगळवारी तो कुठे असेल हे विचारायची कुणी तसदी घेतली नाही.

रविवारी सकाळी मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत ग्रेडीने पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. पहिला सामना. पडद्यावर डेल्बर्टच्या गाद्या. दुसरा सामना. डेल्बर्टच्या गाद्या. मधूनच कुणाचा पाय यायचा, कुणाची कोपरं यायची, आणि मागून गर्दीचा आवाज. खेळ कुठेतरी डावीकडे चालला होता. त्याने मार्लाला फोन लावला.

"मला काय सांगितलं होतं ते ऐक," ती म्हणाली. "भिंत दिसली पाहिजे. गादीवाल्याने भिंतीचे पैसे दिलेत, तुमचे नाही."

"अगं, पण आम्ही खेळत होतो!"

"मग? मीही काम करत होते. तुला पैसे मिळाले? मलाही नाही. निदान तू कॅप्टन म्हणून मिरवलास."

त्याने फोन ठेवला. सगळा मोसम, सगळी उताणी पाडलेली माणसं, सगळे मुके मार, आणि पडद्यावर एका गादीवाल्याचा टेलिफोन नंबर. आपल्याइतका मूर्ख माणूस त्याला आठवेना. वेंडल निदान पैशासाठी तरी खोटं बोलायचा. ग्रेडीने मित्रांना बाहेर काढलं ते एका भिंतीच्या चित्रासाठी. तरी आशा चिवट असते. त्याने शेवटचा सामना लावला.

तिसऱ्या भागात टोबायस उजवीकडून पडद्यात आला. सगळ्या मोसमात नीट दिसलेला खेळ तो हाच. उघडं प्लायवूड, चेंडू, खांदा, कडाड. मागोमाग ग्रेडी स्वतः चौकटीत आला. पहिल्यांदाच तो पूर्ण दिसत होता, डोक्यापासून पायापर्यंत.

चित्रातला ग्रेडी टोबायसपासून दोन हातांवर थांबला. त्याने मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. आपण दिसतोय ना, याची खात्री करून घेतली. मग खाली वाकला.

ग्रेडीने ते पुन्हा लावलं. त्याला हे आठवत नव्हतं. आपण धावत गेलो एवढंच आठवत होतं. तो तिथेच बसून राहिला, कॉफीवर साय धरली तरी.

दुपारी तो इस्पितळात गेला. टोबायस पलंगावर टेकून बसला होता, एक हात बांधलेला. औषधाने जीभ जड झाली होती, पण तिखटपणा गेला नव्हता.

"आलास? बस. वेंडलने या इस्पितळवाल्यांना फोन करून काय सांगितलंय माहितीये? भिंतीला फोम होता म्हणे. मीच वेडावाकडा पडलो. सकाळी फोनवर शेडवाल्याला विचारलं, तर फोम परत लावलाय. पठ्ठ्याने रात्रीतून लावला. पगार द्यायला हात जड, फोम लावायला केवढा हलका बघ." त्याने बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "ओळखीचा एक वकील म्हणतो, कामावर झालेली दुखापत आहे, ऑपरेशनचा खर्च मालकाने द्यायला पाहिजे. पण फोम नव्हता याचा पुरावा लागेल. नाहीतर सगळं माझ्या डोक्यावर. शिवाय हा हात वर जाईल की नाही, तेही सांगत नाहीत."



"तुझी फिल्म," टोबायस म्हणाला. "मिळाली?"

ग्रेडीच्या मुठीत पेनड्राइव्ह होता. येताना वाटेत गाडी थांबवून त्याने विचार केला होता: तेवढा तुकडा कापता येईल. पण प्लायवूड, आदळणारा खांदा आणि वर बघणारा तो, तिन्ही एकाच सलग तुकड्यात होते, आणि कापलेली फिल्म पुरावा म्हणून कोणी धरत नाही. मिळाली नाही म्हटलं असतं, तर टोबायसने विश्वास ठेवला असता. वेंडलबद्दल काहीही सांगितलं तरी लोक विश्वास ठेवायचे.

"मिळाली," तो म्हणाला, आणि लॅपटॉप उघडून पलंगावर ठेवला.

टोबायसने पाहिलं. प्लायवूड दिसताच तो "हे बघ!" म्हणून ओरडला आणि दुखलं म्हणून कण्हला. मग चित्रात ग्रेडी आला. चांगल्या हाताने त्याने चित्र मागे नेलं, पुन्हा पाहिलं, आणि जिथे ग्रेडीचा चेहरा वर वळला होता तिथे थांबवून ठेवलं.  ग्रेडी शिवीची वाट बघत उभा होता. शिवी आली असती तर बरं झालं असतं.

"हाच तुकडा पाठव कॅनडाला," टोबायस शांतपणे म्हणाला. "चेहरा छान आलाय तुझा."